जुने मॉनिटर, नवं कार्ड: चार स्क्रीन जोडण्याच्या नोंदी

४ जानेवारी

आज नुसती मोजदाद. मॉनिटर चार, ग्राफिक्स कार्ड एक.

सर्वांत मोठा ३० इंची, २५६० × १६००. पाठीमागे एकच पोर्ट, डीव्हीआय. दोन २०.१ इंची, एकाच मॉडेलचे, १६०० × १२००. त्यांना डीव्हीआय आणि व्हीजीए दोन्ही आहेत. चौथा १७ इंची, १२८० × १०२४, त्याला फक्त व्हीजीए. नव्या कार्डावर तीन डिस्प्लेपोर्ट १.४ए आणि एक एचडीएमआय २.१. यांतल्या एकाही मॉनिटरची केबल कार्डात सरळ बसत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकच मोठा फोर-के मॉनिटर घ्यावा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. सल्ला चुकीचा नाही, पण मला हवी असलेली मांडणी त्यातून मिळत नाही. ती मांडणी अशी: मध्ये ३० इंची आडवा, त्याच्या दोन्ही अंगांना २० इंची उभे. उभा केलेला २० इंची म्हणजे १२०० × १६००. त्याच्या १६०० ओळी मधल्या मॉनिटरच्या १६०० ओळींशी बरोबर जुळतात. पिक्सेलचं मापही जवळपास एकच: ३० इंचीचं ०.२५० मिलिमीटर, २० इंचीचं ०.२५५. पूर्ण उंचीत फरक पडतो तो जेमतेम ८ मिलिमीटरचा. तिन्ही मिळून ४९६० × १६०० चा सलग पट्टा होतो. माउस एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना वर-खाली सरकत नाही आणि अक्षरं सगळीकडे एकाच आकाराची दिसतात. मध्ये लिहायचं आणि दोन्ही बाजूंना मूळ कागदपत्रं पूर्ण पानभर उघडी ठेवायची, या कामासाठी याहून चांगली रचना मी पाहिलेली नाही. ४:३ प्रमाणाचे मॉनिटर आता बाजारात जवळपास दिसत नाहीत. म्हणून जे हाताशी आहेत, ते चालते ठेवायचे आहेत.

१७ इंची वरच्या बाजूला, लॉग आणि संदेशांसाठी.

कार्ड एका वेळी चारच स्क्रीन चालवतं. पोर्टही चार आहेत, त्यामुळे ही मर्यादा सध्या आड येत नाही. पण ती पोर्टांच्या संख्येवर ठरत नाही, चित्र तयार करणाऱ्या आतल्या सर्किटांच्या संख्येवर ठरते. हब लावून एका डिस्प्लेपोर्टचे तीन फाटे केले, तरी स्क्रीन चारच राहतात.

५ जानेवारी

खरेदीआधी कागदावरचं काम.

अशा जोडणीत बहुतेकांची गल्लत होते ती पोर्टाचा आकार बघून अ‍ॅडॅप्टर उचलल्यामुळे. आकार जुळणं ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. आत कुठला सिग्नल वाहतो, यावर सगळं अवलंबून असतं.

व्हीजीए १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आलं. ते पूर्ण अ‍ॅनालॉग आहे: लाल, हिरवा, निळा यांच्यासाठी तीन तारा, आणि प्रत्येक तारेतलं व्होल्टेज म्हणजे त्या रंगाची तीव्रता. डीव्हीआय १९९९ मधलं. त्यात डिजिटल सिग्नल आला, पण डीव्हीआय-आय प्रकारात अ‍ॅनालॉगच्या पिनाही ठेवल्या होत्या. पूर्वी कार्डाच्या खोक्यात मिळणारा तो लहानसा डीव्हीआय-व्हीजीए ठोकळा याच पिनांच्या जोरावर चालायचा. ठोकळ्यात एकही चिप नसते, नुसत्या तारा एका आकारातून दुसऱ्या आकारात नेलेल्या असतात. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० मालिकेत आणि एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १०८० मध्ये डीव्हीआय पोर्टातल्या या अ‍ॅनालॉग पिना काढून टाकल्या. नंतर बहुतेक नव्या कार्डांवरून डीव्हीआयच गेलं. आजच्या कार्डातून अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर पडतच नाही, त्यामुळे तो ठोकळा कितीही अ‍ॅडॅप्टर एकापुढे एक लावून जोडला तरी व्हीजीए मॉनिटर उजळणार नाही.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ ची. तिचा चित्राचा सिग्नल डीव्हीआयच्याच पद्धतीचा आहे, टीएमडीएस. म्हणून एचडीएमआय ते डीव्हीआय हा प्रवास नुसत्या तारांनी होतो. २००६ मधलं डिस्प्लेपोर्ट मात्र वेगळ्याच जातीचं. त्यात चित्र पाकिटांमध्ये बांधून पाठवलं जातं.

यानंतर येतो पिक्सेल क्लॉक, म्हणजे दर सेकंदाला किती पिक्सेल पाठवायचे ते. यात दिसणाऱ्या पिक्सेलांबरोबर ओळींच्या आणि चित्रांच्या मधला रिकामा वेळही धरलेला असतो. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, १२८० × १०२४ साठी १०८ मेगाहर्ट्झ लागतात, १६०० × १२०० साठी १६२. सिंगल लिंक (डेटाच्या तारांचा एकच संच वापरणाऱ्या) डीव्हीआयची कमाल मर्यादा १६५. म्हणजे २० इंची मॉनिटर अगदी काठावर, पण आत बसतात. ३० इंचीला रिकामा वेळ कमी करूनही २६८.५ मेगाहर्ट्झ लागतात. तो सिंगल लिंकमध्ये मावत नाही, त्याला ड्युअल लिंक, म्हणजे असे दोन संच, हवेच.

एवढं मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. दोन २० इंची सोपे, १७ इंचीला कन्व्हर्टर, आणि ३० इंची ही खरी परीक्षा.

८ जानेवारी

पहिला २० इंची एचडीएमआयवर. केबल एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला डीव्हीआय. जोडताच १६०० × १२०० आपोआप मिळालं.

घाईने पुढे न जाता ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) मॉनिटरविषयी काय वाचलं ते पाहिलं. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते, मूळ भाग १२८ बाइटचा. त्यात निर्माता, मॉडेल, स्क्रीनचं माप आणि चालणारी रिझोल्यूशन लिहिलेली असतात. कार्ड तीच वाचून ठरवतं. मॉनिटर चुकीच्या रिझोल्यूशनवर चालत असेल, तर आधी ही नोंद कार्डापर्यंत पोचते आहे का ते बघावं. ती नीट पोचली की बाकीची निम्मी कटकट मिटते.

दुसरा २० इंची डिस्प्लेपोर्टवर. इथे डिस्प्लेपोर्ट-डीव्हीआय पॅसिव्ह, म्हणजे सिग्नलचं रूपांतर न करणारा, अ‍ॅडॅप्टर चालतो, आणि त्यामागची युक्ती मला फार आवडते. कार्डावरचा पोर्ट डीपी++, म्हणजे दुहेरी पद्धतीचा असतो. अ‍ॅडॅप्टर लागल्याचं ओळखलं की पोर्ट पाकिटं पाठवणं थांबवून त्याच पिनांवरून टीएमडीएस सिग्नल सोडतो. अ‍ॅडॅप्टरचं काम उरतं फक्त व्होल्टेजची पातळी जुळवण्याचं. जुन्या प्रकारच्या अशा अ‍ॅडॅप्टरची मर्यादाही १६५ मेगाहर्ट्झच आहे. आपल्याला १६२ लागतात, चाललं.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो: हे अ‍ॅडॅप्टर एका दिशेचे असतात. डिस्प्लेपोर्टचं टोक कार्डाकडे आणि डीव्हीआयचं मॉनिटरकडे. उलट दिशेने, म्हणजे संगणकाकडून एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असं करायचं असेल, तर ते वेगळं आणि चिप असलेलं उपकरण लागतं. दिसायला दोन्ही केबल सारख्याच असतात.

९ जानेवारी

दुसऱ्या २० इंचीवर काळ्या भागात हिरव्या-लाल ठिणग्या उडताना दिसल्या. चित्र स्थिर, फक्त एखाद-दुसरा पिक्सेल क्षणभर चमकतो. डिजिटल सिग्नलमध्ये बिट चुकू लागले की असंच दिसतं. हाच मॉनिटर एचडीएमआयवर लावला तर स्वच्छ, आणि पहिला मॉनिटर या केबलवर लावला तर त्यावर ठिणग्या. म्हणजे दोष केबलचा. लांब, पातळ केबल आणि १६२ मेगाहर्ट्झ, दोन्ही काठावर.

उपाय दोन. एक म्हणजे केबल बदलणं. दुसरा, ड्रायव्हरमध्ये स्वतःचं रिझोल्यूशन तयार करताना रिकामा वेळ कमी करणारी वेळापत्रक-पद्धत निवडणं, म्हणजे रिड्यूस्ड ब्लँकिंग. त्याने त्याच १६०० × १२०० ला ६० हर्ट्झवर सुमारे १३० मेगाहर्ट्झच पुरतात. करून पाहिलं, ठिणग्या तत्काळ बंद झाल्या. तरीही शेवटी आखूड आणि जाड केबलच लावली आणि मूळ वेळापत्रक परत आणलं. सेटिंगने झाकलेला केबलचा दोष ड्रायव्हर पुन्हा टाकला की परत डोकं वर काढतो.

केबल बदलल्यावर दोन्ही २० इंची शेजारी ठेवून एकच चित्र लावलं, एक एचडीएमआयवर आणि एक डिस्प्लेपोर्टवर. मग केबलींची अदलाबदल केली. रंगात, धारेत काहीही बदल नाही. डिजिटल वाटेवर पॅसिव्ह अ‍ॅडॅप्टरमुळे चित्राचा दर्जा घसरत नाही. आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत.

१३ जानेवारी

१७ इंची, व्हीजीए.

इथे अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतोच, कारण डिजिटल आकड्यांपासून अ‍ॅनालॉग व्होल्टेज कुणीतरी तयार करायला हवं. आता हे काम कार्ड करत नाही, कन्व्हर्टरमधली चिप करते.

हाताशी एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर होता, आवाजासाठी जॅक असलेला. तात्पुरतं एका २० इंचीला काढून त्या पोर्टावर तो लावला. चित्र आलं, पण काळा रंग करडा आणि पांढरा मळकट. कन्व्हर्टर आवाज घेऊ शकत असल्यामुळे तो कार्डाला टीव्हीसारखं उपकरण म्हणून ओळख देतो. मग कार्ड रंगाची मर्यादित पट्टी पाठवतं, म्हणजे ० ते २५५ च्या ऐवजी १६ ते २३५. ड्रायव्हरमध्ये आउटपुट रेंज पूर्ण केली की रंग ठीक होतात. जुना मॉनिटर फिका पडलाय असं समजून लोक तो टाकून देतात, त्यांतल्या काहींचं कारण ही एक सेटिंग असते.

शेवटी १७ इंचीसाठी डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए कन्व्हर्टर घेतला. त्याला वेगळी वीज लागत नाही. डिस्प्लेपोर्टच्या २० क्रमांकाच्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळतात, तेवढ्यावर हा छोटा कन्व्हर्टर चालतो. (दोन डिस्प्लेपोर्ट उपकरणं जोडणाऱ्या साध्या केबलमध्ये ही पिन आरपार जोडलेली नसावी, असा नियम आहे. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते आणि मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते. संगणक बंद असूनही कार्डाचा दिवा मंद पेटलेला दिसला, तर आधी केबल बदलावी.)

जोडल्यावर १२८० × १०२४ न येता १०२४ × ७६८ आलं. मधली व्हीजीए एक्स्टेंशन काढली की बरोबर आलं. ईडीआयडी वाचण्यासाठी व्हीजीएच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना लागतात. कमी तारांच्या केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसतात, मग कार्ड अंदाजाने सुरक्षित रिझोल्यूशन निवडतं.

१४ जानेवारी

व्हीजीएची धार. अक्षरं किंचित पसरट दिसत होती. अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये एक पिक्सेल कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे मॉनिटरला स्वतः शोधावं लागतं. त्यासाठी मॉनिटरच्या मेनूत क्लॉक आणि फेज अशी दोन मापं असतात. क्लॉक चुकलं की उभे धूसर पट्टे दिसतात, फेज चुकला की सगळं चित्रच थरथरतं किंवा पुसट होतं.

ऑटो अ‍ॅडजस्ट बटण दाबण्याआधी स्क्रीनभर एक काळा, एक पांढरा अशा एकाआड एक पिक्सेलांची चौकट लावावी. रिकाम्या निळ्या डेस्कटॉपवर मॉनिटरला मोजायला काहीच नसतं, त्यामुळे तो काहीतरी ठरवून मोकळा होतो. चौकटीवर बटण दाबलं, मग फेज हाताने दोन पायऱ्या पुढे नेला. आता मजकूर इतका स्वच्छ आहे की जवळ गेल्याशिवाय डिजिटल मॉनिटरशी फरक कळत नाही. व्हीजीएला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी हे एकदा तरी केलंय, असा प्रश्न पडतो.

१९ जानेवारी

३० इंची. बराच वेळ याच्यावर गेला आणि तो सत्कारणी लागला.

आधी पॅसिव्ह अ‍ॅडॅप्टरने काय होतं ते पाहिलं, निव्वळ खात्रीसाठी. १२८० × ८०० आलं, मोठमोठ्या चौकोनी पिक्सेलांत. याचं कारण मॉनिटरच्या रचनेत आहे. या पिढीतल्या अनेक ३० इंची मॉनिटरांमध्ये स्केलरच, म्हणजे येणारं चित्र पॅनेलच्या मापात बसवणारा भागच, नसतो. त्यांना दोनच मापं समजतात: ड्युअल लिंक मिळाली तर २५६० × १६००, सिंगल लिंक मिळाली तर त्याच्या अर्धी रुंदी आणि अर्धी उंची. मधलं काही नाही. मेनूही नाही, बटणं फक्त ब्राइटनेसची. स्केलर नसल्याचा फायदा असा की चित्र येऊन पॅनेलवर उमटेपर्यंत मधे कुणी हात लावत नाही.

पॅसिव्ह अ‍ॅडॅप्टरने ड्युअल लिंक का मिळत नाही? सिंगल लिंकला तीन डेटा जोड्या आणि एक क्लॉकची जोडी लागते. ड्युअल लिंकला सहा डेटा जोड्या आणि एक क्लॉक. डिस्प्लेपोर्टमध्ये मुळात चारच लेन आहेत, एचडीएमआयच्या नेहमीच्या पोर्टातही तेवढ्याच जोड्या. दुसऱ्या लिंकच्या तीन जोड्या आणायच्या कुठून? एचडीएमआय २.१ ची क्षमता याच्या कितीतरी पट असली तरी उपयोग नाही, कारण मॉनिटर एका लिंकवर १६५ मेगाहर्ट्झच्या वरचं काही ऐकूच शकत नाही. कार्ड किती वेगवान आहे हा मुद्दा इथे गैरलागू ठरतो. मॉनिटरच्या भाषेत बोलणारा मध्यस्थ हवा.

तो मध्यस्थ म्हणजे डिस्प्लेपोर्ट ते ड्युअल लिंक डीव्हीआय अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टर. पाकिटातलं चित्र पूर्ण उलगडून तो नव्याने दोन लिंकवर वाटतो. चिपला डिस्प्लेपोर्टच्या पिनवरची दीड वॅट वीज पुरत नाही, म्हणून त्याला यूएसबीची एक शेपटी असते.

घेताना एक खूण: अ‍ॅडॅप्टरच्या डीव्हीआय तोंडात २४ भोकं आणि एक चपटी फट दिसली म्हणजे तो ड्युअल लिंक झाला असं नाही. भोकं सगळी असतात, आत तारा एकाच लिंकच्या असतात, असे पुष्कळ अ‍ॅडॅप्टर विकले जातात. यूएसबीची शेपटी नसेल आणि २५६० × १६०० चा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो बाजूला ठेवावा.

जोडला. २५६० × १६००, ६० हर्ट्झ. पूर्ण स्क्रीनभर बारीक रेघांचं चित्र लावून एक-एक कोपरा तपासला. सगळं जागच्या जागी. या मॉनिटरवर पुन्हा पूर्ण रिझोल्यूशनमध्ये मजकूर पाहून फार बरं वाटलं.

२० जानेवारी

सकाळी संगणक झोपेतून उठवला तर ३० इंचीवर नुसता रंगीत बर्फ. यूएसबीची शेपटी काढून घातली की ठीक. संगणक झोपतो तेव्हा यूएसबी पोर्टाची वीज जाते. जागा होताना डिस्प्लेपोर्टची बोलणी आधी सुरू होतात आणि चिप अर्धवट शुद्धीत असते.

शेपटी संगणकातून काढून वेगळ्या ५ व्होल्टच्या यूएसबी चार्जरवर लावली. त्यानंतर बर्फ दिसला नाही. या अ‍ॅडॅप्टरविषयीच्या बऱ्याच तक्रारी विजेशी निगडित असतात, आणि वेगळा चार्जर हा पहिला उपाय असायला हवा.

दुसरी गोष्ट वजनाची. ड्युअल लिंक केबल जाड आणि ताठ असते. ती अ‍ॅडॅप्टरवर लोंबकळत ठेवली तर सगळा भार कार्डाच्या छोट्या पोर्टावर येतो. डिस्प्लेपोर्टला निदान खटका असतो (काढताना तो दाबूनच काढावा), एचडीएमआयला तोही नाही. केबल टेबलाच्या पायाला पट्टीने बांधली. ठोकळ्यासारखे अ‍ॅडॅप्टर टाळून छोटी वायर असलेलेच घेतले, कारण ठोकळे शेजारच्या पोर्टाची जागा अडवतात.

२५ जानेवारी

सुरुवातीची स्क्रीन. संगणक चालू केल्यावर यूईएफआयचा (लॉगिनच्या आधीच्या मूळ सेटिंगचा) मेनू कुठल्या मॉनिटरवर दिसतो? ३० इंचीवर काहीच नाही, थेट लॉगिन. अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टर जागा होईपर्यंत ती पायरी निघून जाते. एचडीएमआयवरच्या २० इंचीवर मात्र मेनू व्यवस्थित येतो. त्यामुळे तो पॅसिव्ह मार्गावरच ठेवायचा, हे नक्की केलं. संगणक बिघडला तर दुरुस्ती त्या एका मॉनिटरवरून होईल.

जुन्या डीव्हीआय मॉनिटरांचा एक गुण आज लक्षात राहण्यासारखा दिसला. बटणाने मॉनिटर बंद केला तरी खिडक्या जागच्या हलल्या नाहीत. डीव्हीआयमध्ये ईडीआयडीच्या चिपला ५ व्होल्ट कार्डाकडूनच मिळतात, त्यामुळे मॉनिटर बंद असतानाही नोंद वाचता येते आणि कार्डाच्या दृष्टीने तो हजर असतो. डिस्प्लेपोर्टचे नवे मॉनिटर बंद केले की अनेकदा गायबच होतात आणि सगळ्या खिडक्या दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन साचतात.

२९ जानेवारी

काहीही न चालवता कार्ड कोमट. पंखे मधूनच सुरू होतात. ड्रायव्हरच्या आकड्यांत पाहिलं तर मेमरी क्लॉक सतत वरच्या टप्प्यावर.

मेमरीचा वेग बदलायचा तर कार्डाला तेवढा क्षण स्क्रीनला डेटा पुरवणं थांबवावं लागतं. हे दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळात उरकतात. चार मॉनिटर असतील आणि त्यांचे रिकामे क्षण एकाच वेळी येत नसतील, तर तशी संधीच मिळत नाही. मग ड्रायव्हर मेमरी वरच्याच वेगावर ठेवून देतो. १७ इंची ७५ हर्ट्झवर चालत होता, बाकी तिन्ही ६० वर. त्यालाही ६० वर आणलं. मेमरीचा वेग खाली उतरला, पंखे थांबले. मजकूर वाचताना ७५ आणि ६० मधला फरक मला जाणवत नाही, त्यामुळे हा सौदा पटला.

३ फेब्रुवारी

मांडणी.

२० इंची उभे करताना पॅनेलचा प्रकार महत्त्वाचा ठरला. हे दोन्ही आयपीएस आहेत, कोनातून पाहिलं तरी रंग टिकवणारे. १७ इंची टीएन आहे, आणि टीएन वरून-खालून पाहिलं की रंग बदलतो. तो उभा केला की तोच दोष डावी-उजवीकडे येतो आणि दोन डोळ्यांना वेगवेगळा रंग दिसतो. म्हणून टीएन आडवाच ठेवला, नजरेच्या रेषेला काटकोनात थोडा झुकवून.

दोन्ही २० इंचींचे स्टँड एकाच दिशेला वळतात. त्यामुळे एकाची जाड खालची कड बाहेर जाते, दुसऱ्याची आत, नेमकी मधल्या मॉनिटरच्या शेजारी. पाठीमागे १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं, म्हणजे आर्म बसवण्यासाठीची ठरलेल्या मापाची भोकं, आहेत. एकाला स्टँडऐवजी आर्मवर बसवलं आणि उलट दिशेला फिरवलं. सेटिंगमध्ये त्याला उभा-उलटा निवडलं. आता दोन्ही जाड कडा बाहेरच्या बाजूला, आत फक्त पातळ पट्ट्या.

उभ्या स्क्रीनवर मराठी मजकूर वाचताना काना आणि वेलांटीच्या उभ्या रेघांना रंगीत कडा दिसू लागल्या. क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरं गुळगुळीत दाखवण्याची पद्धत, प्रत्येक पिक्सेलमधले लाल-हिरवा-निळा हे भाग डावीकडून उजवीकडे आहेत असं गृहीत धरतं, आणि मॉनिटर उभा केला की ते वरून खाली येतात. त्या दोन स्क्रीनसाठी रंगीत स्मूदिंग बंद करून साधं करड्या छटांचं ठेवलं. जोडाक्षरं किंचित जाड दिसतात, पण डोळ्यांना शांत.

६ फेब्रुवारी

रंग जुळवणं. जुन्या मॉनिटरांच्या मागे प्रकाशासाठी सीसीएफएल नळ्या आहेत. चालू केल्यावर त्या पूर्ण तेजावर यायला वेळ घेतात आणि वयाबरोबर पिवळसर होतात. म्हणून मॉनिटर अर्धा तास तापू दिल्याशिवाय काहीही जुळवू नये.

तिघांत ३० इंचीचं तेज सर्वांत कमी. त्याच्यापर्यंत बाकीच्यांना उतरवलं, कारण थकलेल्या नळ्यांना वर ढकलण्यात अर्थ नाही. दोन २० इंची मेनूतून ६५०० केल्व्हिनवर. ३० इंचीला मेनूच नाही, त्यामुळे त्याचं काम मापक लावून तयार केलेल्या आयसीसी प्रोफाइलवर (रंग दुरुस्त करणाऱ्या फाइलवर) सोपवलं. पांढरी पानं तिन्हींवर शेजारी उघडली की अजून सूक्ष्म फरक दिसतो. छायाचित्रांचं काम असतं तर तो चालला नसता. मजकुरासाठी पुरेसं आहे.

संरक्षित व्हिडिओ १७ इंचीवर चालत नाहीत. व्हीजीएच्या वाटेवर एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, असू शकत नाही, तिथे करण्यासारखं काही नाही.

११ फेब्रुवारी

एका सहकाऱ्याने विचारलं, पाचवा लागला तर? कार्ड चारच्या पुढे जाणार नाही. पण प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट रिकामा आहे. यूईएफआयमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवण्याचा पर्याय सापडला. कार्ड लावलं की तो बहुधा आपोआप बंद होतो, म्हणून तो पोर्ट मेलेला वाटतो.

तो चालू करून १७ इंची तिकडे हलवला, त्या जॅकवाल्या एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टरने. त्या ड्रायव्हरमध्येही रंगाची पट्टी पूर्ण निवडावी लागली. एका ग्राफिक्सवरची खिडकी दुसऱ्यावर ओढली की चित्र मधून नकलून न्यावं लागतं, त्यामुळे व्हिडिओ किंचित अडखळतो. १७ इंचीवर लॉगच्या ओळी सरकत असतात, तिथे हे जाणवत नाही. कार्डाचा तिसरा डिस्प्लेपोर्ट मोकळा झाला आहे.